अंगावरून वारं गेलेल्या माणसाचं अंग सांभाळताना

आमच्याकडे लकवा झाला असं फार कोणी म्हणत नाही, अंगावरून वारं गेलं म्हणतात. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या अंगावरून वारं गेलं त्या सकाळी ते ओट्यावर चहा पीत बसले होते. बशीत ओतून प्यायची सवय, उजव्या हातात बशी आणि डाव्यात कप, तो कप कलंडला आणि गरम चहा मांडीवर सांडला, आणि त्यांना कळलंच नाही. आई ओरडली, अहो भाजलं ना, तर हे तिच्याकडेच बघतायत काय झालं म्हणून.

त्याला आता तीन वर्षं होऊन गेली. नात्यातलं, गावातलं कोणी असं पडलं की आता मला फोन येतो, ताई तुम्ही कसं केलंत, कूस कशी बदलायची, हात दुखतो म्हणतात काय करू. प्रत्येकाला तेच तेच सांगते म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय. मी नर्स नाही, डॉक्टर नाही, जे लिहितेय ते फिजिओकडून, सिस्टरकडून, न्यूरोच्या डॉक्टरांकडून विचारून विचारून शिकलेलं आणि रोज हाताने केलेलं आहे. तुमच्या पेशंटचं काही वेगळं असेल तर तुमच्या डॉक्टरांचंच ऐका.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण खालचं सगळं त्याच्यावर उभं आहे. आजारी माणसाचं अंग प्रत्येकाला वेगळं दिसतं. डॉक्टरांना ते सीटी स्कॅनमध्ये दिसतं, वॉर्डात ते "चौदा नंबर, लेफ्ट हेमी", म्हणजे डावी बाजू लुळी पडलेला पेशंट, असतं, आपल्याला ते उचलायचं, पुसायचं, भरवायचं काम दिसतं, आणि त्या माणसाला स्वतःला ते कसं दिसतंय हे बऱ्याचदा कोणी विचारतच नाही. मी पहिले सहा महिने नाही विचारलं. विचारायला लागल्यावर निम्म्या अडचणी सुटल्या, आणि मुख्य म्हणजे अण्णांचं अंग आमच्या ताब्यातून हळूहळू परत त्यांच्या ताब्यात जायला लागलं.

वारं म्हणा पण वेळ घालवू नका

हा शब्द मला आवडतो, पण त्याचा एक तोटा आहे. वारं गेलं म्हटलं की बाहेरून काहीतरी येऊन गेलं असं वाटतं, आणि मग तेल चोळू, शेकू, कोणाला तरी दाखवू यात वेळ जातो. आम्ही दोन तास तेल चोळण्यात घालवले. एकाने तर कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, त्याने काही होत नाही, बिचारं कबुतर जातं आणि वेळ जातो. वारं अंगावरून जात नाही, मेंदूत रक्ताची गुठळी अडकते किंवा रक्तवाहिनी फुटते. गुठळी असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही आधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना हे बघून. आम्ही पोचलो तेव्हा सहा तास झाले होते.

म्हणून कोणाचं तोंड वाकडं दिसलं, हात गळाला, बोलणं जड झालं तर हसायला सांगा, दोन्ही हात वर धरायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा, यातलं एक जरी जमलं नाही तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सीटी स्कॅन असलेला दवाखाना गाठा. शेवटचं चांगलं कधी होते ती वेळ लक्षात ठेवा, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. तोंडात पाणीसुद्धा घालू नका, ठसका लागून फुप्फुसात जाऊ शकतं. दृष्ट काढायची असेल तर नंतर काढा, आईने दवाखान्यातून आल्यावर मीठ मोहरी ओवाळली, मी काही बोलले नाही, ती तिची पद्धत आहे आणि त्याने कोणाचा वेळ गेला नाही.

डावीकडची चटणी

अण्णांच्या मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी झाली होती, म्हणून डावा हात पाय गेला. हे सगळ्यांना समजतं. जे कोणी सांगत नाही ते हे, की उजव्या मेंदूला मार बसला की कधीकधी डावी बाजू नुसती लुळी पडत नाही, ती त्या माणसाच्या लेखी नाहीशीच होते. डोळे चांगले असतात पण डावीकडे लक्षच जात नाही.

आम्हाला हे कळलं ते ताटावरून. घरी आल्यावर महिन्याभराने गिळायला नीट जमायला लागलं, डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा आईने पहिल्यांदा पूर्ण ताट वाढलं, उजवीकडे भाजी आमटी, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड. अण्णा भाजी भाकरी आमटी संपवायचे आणि डावीकडचं तसंच ठेवायचे. ज्या माणसाला आयुष्यभर शेंगदाण्याच्या चटणीशिवाय घास गेला नाही त्याने चटणी टाकली म्हटल्यावर आईला वाटलं तोंडाची चव गेली. आठवडाभर तिने चटणीच केली नाही. फिजिओच्या मॅडम जेवणाच्या वेळी आल्या होत्या, त्यांनी काही न बोलता ताट अर्ध फिरवलं. अण्णा म्हणाले, "आज चटणी केलीस होय?"

तर तुमच्याकडे असं काही दिसत असेल, म्हणजे दाढी अर्धीच होतेय, पेपरातल्या ओळी अर्ध्यापासून वाचतायत, दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटतोय, डावीकडून हाक मारली तर उजवीकडे शोधतायत, तर ते हट्टीपणा नाहीये आणि भ्रमिष्टपणापण नाहीये. डॉक्टरांना हे नेमक्या शब्दात सांगा, "डाव्या बाजूकडे लक्ष जात नाही" असं, नुसतं "नीट जेवत नाहीत" सांगितलं तर ते भुकेचं औषध देतील.

घरी काय करायचं तर पाण्याचा तांब्या, बेल, चष्मा, जे लागतंच ते उजवीकडे ठेवायचं, कारण ते हाताशी नसेल तर अडचण होईल. पण बाकीचं हळूहळू डावीकडून करायचं. आम्ही टीव्ही सरळ समोर होता तो थोडा डावीकडे सरकवला, बसायला आलेल्या माणसाची खुर्ची डावीकडे ठेवली. सुरुवातीला मात्र एकदम डावीकडून जाऊन अंगाला हात लावू नका, दचकतात, आधी समोर उभं राहून बोला मग डावीकडे जा. वाचताना पेपराच्या डाव्या कडेला एक लाल पट्टी लावायची आणि सांगायचं, लाल दिसेपर्यंत मान वळवा आणि मग वाचायला सुरू करा. हे सोपं वाटतं पण अण्णांना पहिली ओळ पूर्ण वाचायला दहा दिवस लागले.

आणि हाताचं. एका रात्री अण्णांनी मला उठवलं आणि म्हणाले, "हा हात कोणाचा ठेवलाय इथं, काढ बरं." मला आधी भीती वाटली, मग रडू आलं. हेसुद्धा त्याच आजारात होतं, बऱ्याच जणांना होतं. वाद घालू नका, "अहो तुमचाच आहे की, वेड लागलं का" असं तर अजिबात म्हणू नका. मी नंतर काय करायचे, त्यांचा उजवा हात घेऊन डाव्या हातावर ठेवायचे, बोटावरून अंगठी, अंगठीवरून मनगट, मनगटावरून कोपर असं त्यांच्याच हाताने फिरवत न्यायचे, तेल लावायचं तर त्यांनाच लावायला सांगायचे. तो हात अंगाखाली दाबला जात नाही ना, चाकात अडकत नाही ना हे आपण बघायचं, त्यांना कळणार नसतं. फिजिओ आरशाचा व्यायाम पण देतात, मधे उभा आरसा, त्यामागे लुळा हात, चांगला हात हलवायचा आणि आरशात बघायचं म्हणजे मेंदूला दोन्ही हात हलल्यासारखे दिसतात. मूळ चेन्नईत डॉक्टरकी शिकलेले व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात हात कापलेल्या पेशंटसाठी ही युक्ती काढली होती, नंतर ती लकव्यातल्या हातासाठी वापरायला लागले. आमच्याकडे त्याने हात फार चालायला लागला असं नाही, पण अण्णा त्या हाताकडे बघायला लागले.

हात लावायच्या आधी

दवाखान्यात अण्णांना मागून उघडा गाऊन होता. एकदा पडदा न ओढता डायपर बदलला गेला, समोरच्या बेडच्या बायका बघत होत्या. माझे वडील गावात उघड्या अंगाने कोणासमोर गेलेले नाहीत, अंघोळ करून आले तरी खांद्यावर टॉवेल. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटून घेतले आणि संध्याकाळपर्यंत उघडले नाहीत, आणि रिपोर्टात लिहिलं गेलं "ड्राउझी", म्हणजे गुंगीत. दवाखान्याचं नाव सांगत नाही, तिथे चांगल्या सिस्टरही होत्या. पण तेव्हापासून मी पडदा स्वतः ओढते, आणि कोणी माझ्याकडे बघून "यांना संडास झाली का" विचारलं की सांगते, अण्णांनाच विचारा, त्यांना बोलता येतं. ज्यांचा मेंदूच्या डाव्या बाजूचा झटका असतो त्यांची वाचा बऱ्याचदा जाते, पण बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं नसतं, बहुतेकांना आपण धरतो त्यापेक्षा जास्त समजत असतं. त्यांना हो नाही करता येईल असं विचारा, आणि उत्तराला वेळ द्या, मनात वीस आकडे मोजा.

घरी पण तेच. हात लावायच्या आधी सांगायचं, "अण्णा, कुशीवर घेते", "अण्णा, पाय उचलते". ऐकू येत नसेल, गुंगीत असतील तरी सांगायचं. आपल्याला ते काम असतं, दिवसातलं बारावं, पण त्यांच्या अंगावर न सांगता कोणाचा तरी हात येतो ना.

कोण काय करणार हे पण त्यांनाच विचारा. आमच्यात मुलीने बापाचं सगळं करायचं म्हणजे दोघांनाही जड होतं, सुनेने सासऱ्यांचं करायचं तर त्याहून. मी सरळ विचारलं, अण्णा, खालचं कोणी केलेलं चालेल? ते म्हणाले आई नाहीतर दादा, तू नको. मला वाईट वाटलं नाही. मग दादा सकाळी कामावर जायच्या आधी ते करायचा, आणि दोन महिन्यांनी अण्णा उजव्या हाताने स्वतः करायला लागले, आम्ही नुसता ओला रुमाल हातात द्यायचा आणि पाठ करून उभं राहायचं.

स्पंजिंग करताना पूर्ण उघडं करू नका. एक मोठा टॉवेल अंगावर ठेवायचा आणि एका वेळी एकच भाग उघडायचा, तोंड, मान, हात, छाती, पोट, पाय, पाठ असं करत शेवटी जांघा आणि शेवटचं ढुंगण, तिथे पाणी आणि रुमाल बदलायचा. प्रत्येक भाग पुसून लगेच कोरडा करून झाकायचा. पाणी किती गरम आहे ते आपल्या कोपराने बघा, त्यांच्या लुळ्या बाजूला लावून "गरम आहे का" विचारू नका, कळत नाही. याच कारणाने लुळ्या हातापायाला गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, काही काही नको. लोक मायेने शेक देतात आणि फोड येतात. अण्णांची मांडी चहाने भाजलेली होती ती आम्ही दुसऱ्या दिवशी बघितली.

कपडे घालताना लुळा हात आधी घालायचा आणि काढताना शेवटी काढायचा, हे एकदा डोक्यात बसलं की ओढाताण संपते. पुढून उघडणारी बंडी शिवून घ्या, गावातला टेलर देतो शिवून.

लाल दिसत नाही, काळं दिसतं

बेडसोर हा सगळ्यात मोठा वैरी. एका जागी दाब राहिला की तिथलं रक्त थांबतं आणि आतलं मांस मरायला लागतं, आपल्याला वर दिसेपर्यंत आत बरंच झालेलं असतं. माकडहाड, खुबे, टाचा, घोट्याची हाडं, कोपर, डोक्याची मागची बाजू, या जागा रोज दोनदा बघायच्या म्हणजे बघायच्याच, चांगल्या उजेडात.

पुस्तकात आणि माहितीपत्रकात लिहिलेलं असतं कातडी लाल होते, बोटाने दाबून सोडलं तर लाली जात नाही. ते गोऱ्या कातडीचं वर्णन आहे. आपल्या सावळ्या काळ्या अंगावर लाल दिसतच नाही, तिथे जागा आजूबाजूपेक्षा जांभळट किंवा काळपट दिसते, कधी चकाकते. म्हणून हाताच्या मागच्या बाजूने चाचपून बघा, गरम लागतंय का, घट्ट लागतंय का, का उलट पिकल्या फळासारखं मऊ लागतंय, आणि ज्यांना कळतंय त्यांना विचारा दुखतंय का. आम्ही लाल शोधत बसलो आणि माकडहाडावरचा काळा डाग आईला मळ वाटला, तिने तो चोळून काढायचा प्रयत्न केला. चोळायचं नसतं. अशा जागेला मालिश करू नका, स्पिरिट लावून पावडर मारायची जुनी पद्धत आहे ती पण सोडा, स्पिरिटने कातडी सुकून तडकते. स्वच्छ, कोरडं ठेवायचं, साधं मॉइश्चरायझर चालतं, आणि मुख्य म्हणजे त्या जागेवर वजन द्यायचं नाही. फोड आला किंवा कातडी फाटली तर घरचे उपाय न करता सिस्टरला दाखवा.

दर दोन तासांनी कूस बदलायची. एअर बेड आणला म्हणून कूस बदलायचं संपत नाही, बरेच लोक तिथेच फसतात. पूर्ण आडवं खुब्यावर नका झोपवू, पाठीमागे उशी देऊन थोडं तिरकं, साधारण ३० अंश, म्हणजे वजन ना खुब्यावर ना माकडहाडावर. दोन गुडघ्यांमध्ये उशी. टाचांखाली पाण्याने भरलेले ग्लोव्हज ठेवतात बघा, ते नको, पोटरीखाली लांब उशी द्या म्हणजे टाच अधांतरी राहते. मधे भोक असलेली रबरी रिंग पण नको, भोकाच्या कडेने रक्त अडतं.

सरकवताना ओढायचं नाही. आमच्याकडे आजीच्या जुन्या नऊवारी होत्या, त्याची चौपदरी घडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली घातली, दोघांनी दोन बाजूंनी गुंडाळून धरायची, एक दोन तीन म्हणून उचलून सरकवायचं. सुती, मऊ, धुवायला सोपी. त्या घडीला सुरकुती राहिली तरी वळ उठतो, तेवढं बघा. आणि कधीही, कितीही घाई असली तरी, लुळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून उचलू नका. खांद्याचा सांधा स्नायूंनी धरलेला असतो, ते ढिले पडलेत, ओढलं की सांधा खाली उतरतो आणि मग महिनोन्महिने दुखतो. नातेवाईक भेटायला येतात आणि प्रेमाने हात धरून उठवायला जातात, त्यांना दारातच सांगा. बसवल्यावर त्या हाताखाली उशी हवीच, लोंबकळत ठेवायचा नाही.

भरवायचं थोडक्यात: ताठ बसवून, हनुवटी जरा खाली, छोटा घास, घास गिळल्यावर पुढचा. साधं पाणी सगळ्यात जास्त ठसकतं, पेज किंवा दाट ताक सोपं जातं, पण काय किती दाट द्यायचं ते गिळण्याची तपासणी करणारे सांगतील. जेवल्यावर लुळ्या बाजूच्या गालात बोट फिरवून बघा, तिथे घास साठून राहतो आणि त्यांना कळत नाही. अर्धा तास तरी आडवं करू नका. जेवताना आवाज ओला, घरघरल्यासारखा झाला तर थांबा आणि डॉक्टरांना सांगा. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, असेल तर तिची पिशवी कायम कमरेच्या खाली, उचलून अंगावर ठेवून फिरवू नका.

दुखणं सांगायचे शब्द

डॉक्टरांनी अण्णांना विचारलं, दहापैकी किती दुखतं? अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, "दुखतंय की." डॉक्टरांनी पाच लिहिलं. घरी येताना मी विचारलं, अण्णा, रुपयात किती? लगेच म्हणाले, "काल बारा आणे होतं, आज दहा आणे आहे, पण रात्री सोळा आणे होतं." हे माप त्यांच्या हाडात आहे, गोळीने चार आणे फरक पडला, दोन आणे पडला असंच ते आयुष्यभर बोललेत. तेव्हापासून मी वहीत आणे लिहिते आणि डॉक्टरांना सांगताना सोळातून हिशोब करून देते. तुमच्या घरचं माणूस ज्या मापात बोलतं ते माप वापरा.

नुसतं किती नाही, कसं दुखतं हे पण लागतं. १९७५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दुखण्याच्या शब्दांची प्रश्नावलीच केली होती, कारण कोणता शब्द वापरला यावरून आत काय बिघडलंय याचा अंदाज येतो. आणि आपल्याकडे शब्दांना तोटा नाही. ठणकतं म्हणजे पू धरल्यासारखं, नाडीबरोबर. कळ येते आणि जाते. चमक एकदम भरते. शिणका वरून खाली वीज गेल्यासारखा जातो. रग लागते, पेटका येतो, आग होते, चुरचुरतं, भगभगतं, मुंग्या येतात, बधिर होतं, ओढ लागते, मुरडा येतो. अण्णांच्या लुळ्या पायाला रात्री आग व्हायची. घरातल्यांना पटेना, जिथे चिमटा काढला तर कळत नाही तिथे आग कशी होईल. होते. मेंदूतल्या मारामुळे बधिर बाजूलाच आग, टोचणी होऊ शकते, आणि त्याच्या गोळ्या साध्या दुखण्याच्या गोळीपेक्षा वेगळ्या असतात. "पाय दुखतो" सांगितलं तेव्हा तीन महिने साधी पेनकिलर चालली, "बधिर पायाची रात्री आग होते, चादर लागली तरी सहन होत नाही" सांगितलं तेव्हा औषध बदललं आणि अण्णा झोपायला लागले.

काही शब्द मात्र दगा देतात. चक्कर हा एक. घर गरगर फिरतंय का, उठताना डोळ्यापुढे अंधारी येतेय का, का नुसता तोल जातोय, तिन्हींची कारणं वेगळी, तिन्हींना आपण चक्कर म्हणतो. पित्त हा दुसरा. छातीत जळजळलं तरी पित्त, डोकं अर्ध दुखलं तरी पित्त, अंगावर गांध्या उठल्या तरी पित्त. गॅस तर विचारू नका, छातीत भरून आलं, घाम फुटला, डावा हात अवघडला तरी गॅस म्हणून ओवा खाऊन बसतात आणि तो हार्ट अटॅक निघतो. बायकांचं आणखी वेगळं, आई डॉक्टरांसमोर फक्त "कंबर दुखते" म्हणायची, वर्षभराने मला म्हणाली अंग बाहेर येतंय, म्हणजे गर्भपिशवी खाली उतरलेली. तिला तो भाग सांगायला दुसरा शब्दच नव्हता आणि डॉक्टर पुरुष होते. म्हातारं माणूस एका जागेवर बोट न ठेवता सगळा तळवा फिरवून "इथं" म्हणालं तर थोडं थांबा, एकटं असताना परत विचारा. आणि दवाखान्यात जाताना त्यांचेच शब्द वहीत लिहून न्या, आपण त्याचं सुधारून शुद्ध करायला जातो आणि त्यातलं नेमकं जातं.

रडण्याचं पण सांगते. अण्णांना मधेच हुंदका यायचा, टीव्हीवर बातम्या चालू असताना, पाहुणे आले की. आम्ही सगळे त्यांच्याभोवती, काय झालं, काय आठवलं. एकदा चिडून म्हणाले, "मला रडायला येत नाहीये, हे आपोआप येतंय." खरंच तसं असतं, झटक्यानंतर काहींना मनात काही नसताना रडू किंवा हसू फुटतं. तेव्हा कवटाळू नका, विषय बदला, मिनिटभराने जातं. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यालाही औषध आहे. खरी उदासी असेल तर ती वेगळी दिसते, जेवण जातं, झोप जाते, बोलणं थांबतं, ती पण सांगा.

आपलं अंग

सांभाळणाऱ्याचं अंग कोणी मोजत नाही. पहिल्या वर्षात माझी कंबर गेली, कारण पलंग बुटका होता आणि मी दिवसातून वीसदा वाकायचे. पलंगाच्या चारी पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे लावून तो आपल्या कमरेच्या उंचीला आणा, हलत नाही ना बघा, आणि ते स्वतः उतरायला लागले की परत खाली घ्या. उचलताना गुडघ्यातून वाका, त्यांना आपल्या अंगाजवळ घ्या.

किळस येते, हे पण लिहिते कारण फोनवर बायका हेच रडत सांगतात. वास येतो, पोटात ढवळतं, आणि मग वाटतं आपण किती वाईट, सख्ख्या बापाची किळस येते. नाकाला आणि पोटाला नातं कळत नाही, ते अंगाचं काम आहे, मायेचा त्याच्याशी संबंध नाही. मास्क लावा, आत कापूर किंवा विक्सचं बोट लावा, खिडकी उघडा, पण तोंड वाकडं झालेलं त्यांना दिसतं म्हणून पाठीमागून काम करा. आणि आठवड्यातून एक दुपार तरी दुसऱ्या कोणाला बसवून घराबाहेर जा.

नखं राहिली. लुळ्या हाताची मूठ घट्ट मिटत जाते, नखं तळव्यात रुततात, आत घाम साठून वास मारतो. बोटं धरून जबरदस्तीने उघडू नका. आधी मनगट हळूच आत वाकवा, बोटं आपोआप ढिली पडतात, मग अंगठा बाहेर काढा, मग एकेक बोट. कोमट पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, आणि फिजिओनी सांगितलं असेल तर मऊ कापडाची गुंडाळी हातात द्या. आम्ही रविवारी अंघोळीनंतर नखं काढतो. आता मी नेलकटर घेऊन बसले की अण्णा उजव्या हाताने डावा हात उचलून माझ्या मांडीवर आणून ठेवतात आणि म्हणतात, करंगळीचं जरा बघून काप, मागच्या वेळी माझं लागलं होतं.